बाई, माझ्या वहीचं विद्यापीठाला काय काम?

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं, की पक्षी मोजणं, झाडाचा बहर टिपणं, पाऊस मापणं ही कामं कोणालाही घरच्या घरी करता येतात, विद्यापीठांना अशा नोंदी हव्या असतात आणि या सगळ्याला सिटिझन सायन्स म्हणतात. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली, की कढीपत्त्यावरची कीड आणि गच्चीतले टोमॅटो पुढच्या महिन्यावर ढकलले आहेत. नवीन वाचकांसाठी सांगते: मी ठाण्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पाचपाखाडीत राहते आणि अजूनही रविवारी येऊरच्या जंगलात जाते.

बाई, सप्रेम नमस्कार. मी ७१ वर्षांचा, ऐरोलीत राहतो. बँकेतून निवृत्त झालो २०१४ मध्ये. तेव्हापासून रोज सकाळी खाडीकडे फिरायला जातो आणि दिसलेले पक्षी वहीत लिहितो. पाच वह्या भरल्या. मुलगा म्हणतो, बाबा, एवढे मोठमोठे शास्त्रज्ञ बसलेत, तुमच्या वहीचं विद्यापीठाला काय काम? दोन पानांची झेरॉक्स जोडली आहे. खरं काय ते सांगा.

नमस्कार. तुमच्या झेरॉक्सपासूनच सुरुवात करते. एका पानावर असं आहे: ‘१२ जानेवारी २०१६. स. ७.१० ते ८.००. ओहोटी. रोहित अंदाजे ३५०, लांब होते. मोठे का छोटे, कळलं नाही. तुतवार ६. खंड्या १. घारी २. चष्मा विसरलो.’

हे पान मी तीनदा वाचलं. तारीख आहे, किती वेळ उभे होतात ते आहे, आणि जे कळलं नाही ते ‘कळलं नाही’ असंच लिहिलंय. माझ्या विद्यार्थ्यांना ही शेवटची गोष्ट अंगवळणी पडायला अख्खं वर्ष जायचं. मोठ्या रोहिताची, म्हणजे मोठ्या फ्लेमिंगोची, चोच गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची गडद लालसर-काळपट. लांबून, चष्म्याशिवाय हे दिसत नाही, आणि तुम्ही ओढूनताणून एकाचं नाव लिहून टाकलं नाहीत. ‘चष्मा विसरलो’ हेही राहू द्या. तीसुद्धा माहितीच आहे.

‘ओहोटी’ लिहिलंत हे तर फारच चांगलं. ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित तिथे खायला उतरतात, भरतीचं पाणी चढलं की उठून नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर जातात. त्यामुळे एके दिवशी ३५० आणि दुसऱ्या दिवशी ५ दिसले, तर पक्षी कमी झाले असं नसतं. कदाचित तुम्ही भरतीला गेला असाल. ज्या पानांवर हे लिहायचं राहिलं असेल तिथे घाबरू नका. तारखेवरून तिथी निघते, आणि पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ निघते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. किनाऱ्यावरची माणसं हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या तोंडी करत आली आहेत. खाडीत आत, तुमच्यापर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो, तेवढा धरा. फक्त एक करा: हे गणित वेगळ्या शाईने, समासात लिहा. मूळ नोंदीत मिसळू नका.

आता तुमच्या चिरंजीवांना उत्तर. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं ऑगस्ट २०१५ मध्ये. रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत खाडीचं नाव गेलं २०२२ मध्ये. तुमची पहिली वही २०१४ ची आहे. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही तुमच्याकडे एकाच हस्ताक्षरात, एकाच वाटेवरचं आहे. कुठल्या प्राध्यापकाला अकरा-बारा वर्षं रोज सकाळी सात वाजता ऐरोलीत येऊन उभं राहता येईल? त्यासाठी पगार देणारं कोणी नाही, आणि प्रकल्पाचे पैसे तीन वर्षांत संपतात.

विद्यापीठाचं काम तुमच्या वहीनंतर सुरू होतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ऑड्युबॉन सोसायटीबरोबर २००२ मध्ये ई-बर्ड हे पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथे नोंद टाकली, की त्या भागात त्या महिन्यात न शोभणारा आकडा किंवा पक्षी आपोआप बाजूला काढला जातो, आणि त्या प्रदेशाची माहिती असलेला एक स्वयंसेवक तुम्हाला विचारतो, नक्की का हो? मग येतो सगळ्यात किचकट भाग: कोणी दहा मिनिटं उभं होतं, कोणी तीन तास, ते सगळं एका मापात आणायचं. हे आपल्याला वहीत जमत नाही, त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ लागतात. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल याच पद्धतीने झाला. तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षक, तीन कोटींहून जास्त नोंदी, ९४२ जातींचा आढावा. त्या तीस हजारांत तुमच्यासारखे बँकवाले खूप असणार, माझी खात्री आहे.

नातवाला बसवा आणि रोज एकेक पान ई-बर्डवर चढवा. जुन्या तारखा चालतात. तिथे एक प्रश्न येईल: ओळखू आलेले सगळे पक्षी तुम्ही या यादीत लिहिलेत का? तुमच्या त्या पानासाठी ‘नाही’ असं उत्तर द्या. कारण पानावर कावळा नाही. ऐरोलीत पन्नास मिनिटांत एकही कावळा दिसला नाही हे मला पटायचं नाही. तुम्ही त्याला पक्षी म्हणून मोजलाच नाहीत. ‘नाही’ म्हटल्याने नोंद वाया जात नाही, ती वेगळ्या पद्धतीने वापरली जाते. उद्यापासून मात्र कावळा, कबुतर, साळुंकी सगळे लिहा. चिमणीचं काय झालं हे आज आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण ती ढिगाने होती तेव्हा तिला कोणी लिहिलंच नाही.

फुकट राबवून घ्यायचं, पेपर शास्त्रज्ञांच्या नावावर. याला तुम्ही सेवा म्हणणार का? – एक वाचक, कळवा

नाही म्हणणार. तुमचा राग मला ठाऊक आहे, कारण तो मी गिळलेला आहे.

१९९८ आणि ९९, अशी दोन वर्षं माझे विद्यार्थी येऊरमधल्या चाळीस झाडांच्या नोंदी घेत होते. सावर, पळस, कुंभा, ऐन, मोह. दर रविवारी. पालवी कधी, कळी कधी, फळ कधी. एक मुलगी लोकमान्यनगरहून चालत यायची, कारण रिक्षाचे पैसे नसायचे. तिच्या रजिस्टरवर पावसाचे डाग होते, पण एक रविवार रिकामा नव्हता. एका संस्थेने अभ्यासासाठी ती रजिस्टरं मागितली. आम्ही आनंदाने दिली, मूळ प्रती दिल्या. पोच नाही, पत्र नाही. चार वर्षांनी मी स्वतः जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की जागा नव्हती म्हणून ती रद्दीत गेली. त्या मुलीला हे सांगायला मला पुढे दोन महिने लागले.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, नोंद देण्याआधी तोंड उघडून विचारा. याचं काय करणार? निष्कर्ष आम्हाला कधी आणि कोणत्या भाषेत कळवणार? आमचं नाव कुठे येणार? डेटा कोणाला पाहता येणार? ही काही उर्मट चौकशी नाही. युरोपातल्या सिटिझन सायन्स संघटनेने २०१५ मध्ये दहा तत्त्वं मांडली. भाग घेणाऱ्यालाही फायदा व्हावा, त्याला निष्कर्ष कळवावेत, त्याचं ऋण जाहीरपणे मान्य करावं, शक्य असेल तिथे डेटा खुला ठेवावा, हे सगळं त्यांत आहे.

आणि नीट वागणारेही आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ मध्ये फोल्डइट नावाचा खेळ काढला. त्यात लोक पडद्यावर प्रथिनांच्या घड्या घालून बघतात. माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) रचना शास्त्रज्ञांना दहाहून जास्त वर्षं सुटत नव्हती. खेळाडूंनी ती काही आठवड्यांत सोडवली. २०११ च्या त्या शोधनिबंधात लेखकांच्या यादीत खेळाडूंच्या दोन गटांची नावं आहेत. आभाराच्या ओळीत नव्हे, लेखक म्हणून. हॉलंडमधल्या हॅनी नावाच्या शिक्षिकेला अशाच एका उपक्रमात दीर्घिकांची, म्हणजे गॅलक्सींची, चित्रं बघताना एक हिरवट-निळसर डाग दिसला. तिने विचारलं, हे काय आहे? आज खगोलशास्त्रात त्या वस्तूला तिचंच नाव आहे.

तुमचं नाव देणार नसतील तर वही देऊ नका. पण वही लिहिणं थांबवू नका, एवढी विनंती.

आजी, मी आठवीत आहे, घोडबंदर रोडला राहतो. आमच्या सोसायटीत एकच बहावा आहे. एका झाडाची नोंद ठेवली तर ते सायन्स होतं का? की खूप झाडं लागतात?

बाळा, एक झाड पुरतं. फक्त ते तेच झाड हवं, आणि दर आठवड्याला हवं.

बंगळूरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राशी जोडलेला सीझनवॉच नावाचा एक उपक्रम २०१० पासून चालू आहे. देशभरातली शाळेतली मुलं त्यात असतात. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याच्याकडे बघून लिहायचं: कोवळी पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं. प्रत्येकापुढे फक्त ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘खूप’. मोजत बसायचं नाही. केरळात आपल्या बहाव्याला कणिकोन्ना म्हणतात आणि एप्रिलमधल्या विषूच्या सणाला त्याचीच फुलं लागतात, म्हणून तिथली मुलं त्याच्यावर डोळा ठेवून असतात. तुझा बहावा आणि त्यांचा बहावा एकाच आठवड्यात फुलतात का, हे तू आणि तिथला एखादा मुलगा मिळूनच सांगू शकाल. मी एकटी सांगू शकत नाही.

एक युक्ती सांगते. झाडाच्या बुंध्यापासून दहा पावलांवर एक जागा ठरव आणि दर वेळी तिथूनच बघ. आणि शेंगा विसरू नकोस. फुलांच्या वेळी सगळे फोटो काढतात. त्या लांब काळ्या शेंगा कधी लागल्या आणि कधी पडल्या, हे कोणीच लिहीत नाही.

मॅडम, मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मुलांना अशा कामात घ्यायची फार इच्छा आहे. प्राचार्य विचारतात, कॉलेजला यातून काय मिळणार? सहकारी म्हणतात, पोरांच्या नोंदींवर कोण विश्वास ठेवणार? आणि मला स्वतःला कळत नाही, सुरुवात कुठून करू.

सहकाऱ्यांपासून सुरू करते, कारण तो प्रश्न खरा आहे. २००७ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात एक संशोधक विद्यार्थी दीर्घिकांची चित्रं एकेक करून बघत होता, गोल कोणती आणि चक्राकार कोणती. पन्नास हजार बघून झाली आणि तो थकला. चित्रं होती नऊ लाखांच्या आसपास. मग त्यांनी ती लोकांपुढे ठेवली, गॅलक्सी झू म्हणून. पहिल्या वर्षात दीड लाखाच्या आसपास लोकांनी पाच कोटींहून जास्त वेळा वर्गीकरण केलं. एकेक चित्र अनेकांना दाखवलं, त्यामुळे एखाद्याची चूक बाकीच्यांच्या उत्तरांत बुडून जाते. आणि जिथे लोकांचं एकमत होईना, तिथेच काहीतरी वेगळं आहे हेही कळलं. विश्वास असा रचावा लागतो. एका मुलाने एकदा घेतलेल्या नोंदीवर मीसुद्धा विश्वास ठेवणार नाही, पण तिघांनी एकाच बांधावरून वेगवेगळं बसून मोजलेले शेकाटे मी डोळे झाकून घेईन.

लांबचं उदाहरण नको असेल तर कलिन्याला जाऊन या. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचं मिळून मूलभूत विज्ञानाचं एक केंद्र तिथे आहे. तिथून २०१३ मध्ये रॅड-ॲट-होम सुरू झालं. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे ना, तिच्या प्रतिमा विज्ञान शिकलेली साधी मुलं-मुली तपासतात. २०२२ मध्ये त्यांच्या शोधावरचा निबंध छापून आला: एका दीर्घिकेच्या कृष्णविवराजवळून निघालेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळताना दिसला. मला यातलं एकच अधोरेखित करायचंय. त्या मुलांना आधी प्रतिमा वाचायला शिकवलं गेलं. नुसती लिंक पाठवून ‘भाग घ्या’ म्हटलं नाही.

तुमच्या कॉलेजसाठी सगळ्यात सोपी सुरुवात फेब्रुवारीत आहे. ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जगभरातली पक्षीगणना चार दिवस चालते आणि भारतात त्यातच कॅम्पस बर्ड काउंट होतो. आपल्याच आवारात, पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या. खाडीच्या चिखलात मुलांना उतरवू नका. बांधावरून बघा, आणि अभयारण्याच्या हद्दीत काही करायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी घ्या. घुबडाचं घरटं सापडलं तर जागा कोणालाही सांगू नये, ग्रुपवर तर मुळीच नाही, हे पहिल्याच दिवशी बजावा.

आणि कृपा करून ‘प्रत्येकाने तीस पक्षी नोंदवून आणा’ असा नेम लावू नका. मी एका वर्षी लावला होता. तीस आले, त्यातले दहा पुस्तकातून उतरवलेले होते, एकाने तर हिमालयातला पक्षी उपवन तलावावर बसवला होता. मुलांची चूक नव्हती, माझी होती. गुण वेळेला द्या, नोंदीच्या नीटपणाला द्या, संख्येला देऊ नका.

प्राचार्यांना सांगा, कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकच्या अहवालात संशोधन आणि विस्तारकार्य या दोन्ही ठिकाणी हे बसतं, आणि नव्या शैक्षणिक धोरणातल्या फील्ड प्रोजेक्टचे आणि समाजसहभागाचे तासही यात धरता येतात. हे कागदावरचं. पण त्यांच्याकडून तुम्हाला दोन गोष्टी मागून घ्यायच्या आहेत. एक, या कामासाठी तुमच्या वेळापत्रकात तास. रविवारी, स्वतःच्या खर्चाने, हौस म्हणून चालवलेलं काम तुमची बदली झाली की त्याच दिवशी मरतं. दोन, ग्रंथालयात एक कपाट. नोंदी प्राध्यापकाच्या पेनड्राइव्हवर राहता कामा नयेत. त्या ग्रंथपालाच्या दप्तरी, क्रमांक घालून, पुस्तकांसारख्या दाखल व्हायला हव्यात. मला फार वाटतं, की बाळकुमच्या मुंबई विद्यापीठाच्या उपकेंद्रातही असं एक कपाट असावं आणि त्याची किल्ली असलेला एक माणूस असावा. ठाण्यात किती घरांत अशा वह्या पडून आहेत! त्या लिहिणारी माणसं सत्तरीच्या पुढची आहेत, आणि त्यांच्यामागे घर आवरायला घेतलं की पहिल्यांदा वह्याच जातात.

वर्षाच्या शेवटी एक कार्यक्रम करा. जिथे मोजलं तिथल्या सोसायटीच्या हॉलमध्ये, मराठीत, अर्धा तास. काय मोजलं, काय निघालं, काय कळलं नाही. वॉचमनलाही बोलवा; पक्षी कधी येतात ते त्याला तुमच्या मुलांपेक्षा आधी कळलेलं असतं.

बाई, मी नौपाड्यात राहते. तुमचं वाचून बाटली कापून पर्जन्यमापक केला. वाऱ्याने पडू नये म्हणून गच्चीच्या कोपऱ्यात, टाकीच्या आडोशाला ठेवलाय. पण पेपरात ६२ मिलिमीटर आलं तेव्हा माझ्याकडे ४८ च भरलं. माझं चुकतंय का?

थोडं चुकतंय आणि थोडं अजिबात नाही.

चुकतंय ते टाकीमुळे. पाऊस तिरका येतो आणि टाकी तो अडवते. टाकी जितकी उंच आहे त्याच्या निदान दुप्पट अंतरावर बाटली न्या, विटांच्या मध्ये घट्ट बसवा. दुसरं, बाटलीच्या तळाला खोलगट फुगवटे असतात, तिथून मोजलं तर आकडा खोटा येतो. तळात खडे घाला, बाटलीचा भाग जिथे सरळ होतो तिथपर्यंत पाणी ओता, तिथे रेघ मारा. ती रेघ म्हणजे शून्य. कापलेलं तोंड उलटं करून वर बसवलं आणि बाटली सगळीकडे सारख्याच जाडीची असली, तर पट्टीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस, बाकी हिशेब नको. मोजायचं सकाळी साडेआठला. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो.

चुकत नाही ते असं, की पेपरातला आकडा तुमच्या गच्चीवरचा नाहीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. एकाच शहरात! म्हणून तर गल्लीगल्लीतले आकडे हवेत. आयआयटी मुंबईने २०२४ मध्ये मुंबईसाठी पुराच्या पूर्वसूचनेची जी व्यवस्था उभी केली, तीत कुठे किती पाणी तुंबलं हे लोकांनाही कळवता येतं; घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कंबरेपर्यंत, हे तिथे उभा असलेला माणूसच सांगू शकतो.

आणि पाऊस पडला नाही त्या दिवशीही साडेआठला वर जाऊन बघा आणि ०.० लिहा. रकाना रिकामा सोडलात, तर दहा वर्षांनी तुमची वही उघडणाऱ्याला कळणार नाही, त्या दिवशी पाऊस नव्हता की तुम्ही लेकीकडे गेला होतात.